लाइटरूममधले फोटो ‘हरवतात’ ते का?

लाइटरूम क्लासिक हे फोटो लावून ठेवण्याचं आणि एडिट करण्याचं अडोबीचं सॉफ्टवेअर. त्याच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, फोटो नसतातच. त्यात असतो फोटोंचा पत्ता, म्हणजे ड्राइव्ह, फोल्डर आणि फाइलचं नाव. शिवाय तुम्ही दिलेले स्टार, कीवर्ड आणि एडिटिंगच्या नोंदी. विंडोजमधून ‘हळद’ फोल्डरचं नाव ‘०१_हळद’ केलं, की जुन्या पत्त्यावर लाइटरूमला काही सापडत नाही. फोल्डरवर प्रश्नचिन्ह येतं, फोटोच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह.

अशा वेळी घाबरून पुन्हा इम्पोर्ट करू नका, म्हणजे तेच फोटो कॅटलॉगमध्ये नव्याने घालू नका. त्या नव्या नोंदींना तुमची कलेक्शन्स (तुम्ही केलेले फोटोंचे गट), व्हर्च्युअल कॉपी (त्याच फाइलचं वेगळं एडिटिंग ठेवणाऱ्या नोंदी) काहीच चिकटलेलं नसतं. फोल्डरवर राइट क्लिक करा, ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडा आणि फोल्डर आता जिथे आहे ती जागा दाखवा. सुटे फोटो असतील तर एका उद्गारचिन्हावर क्लिक करून ‘लोकेट’ दाबा. ‘फाइंड निअरबाय मिसिंग फोटोज’वर टिक असली की त्याच्या आजूबाजूचे बाकीचे आपोआप जुळतात. आणि पुढच्या वेळी नाव बदलणं, फोल्डर हलवणं लाइटरूमच्या आतूनच करा.

एक्स्टर्नल ड्राइव्हवरचे सगळेच फोल्डर एकदम गेले, तर आधी ड्राइव्हचं अक्षर बघा. काल ‘ई’ होती, आज दुसरा पेनड्राइव्ह आधी लागल्यामुळे ‘एफ’ झाली असेल. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनं अक्षर परत द्या, झालं. नव्या ड्राइव्हला पहिल्याच दिवशी ‘पी’सारखं लांबचं अक्षर दिलंत तर ही वेळच येत नाही.

लग्नाच्या कामात दोन कॅमेरे असतात आणि दोघांची घड्याळं क्वचितच जुळतात. मग वेळेनुसार लावलेल्या फोटोंत अंतरपाट दूर होण्याआधीच हार पडलेले दिसतात. शूटच्या सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्यांतून एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढा, सेकंद दिसतील असा. इम्पोर्ट झाल्यावर चुकलेल्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडा, त्यातला घड्याळाचा फोटो मुख्य ठेवा, आणि मेटाडेटा मेनूतल्या ‘एडिट कॅप्चर टाइम’मध्ये खरी वेळ भरा. बाकीचे फोटो तेवढ्याच फरकाने सरकतात.

फाइलची नावं यानंतरच बदला, एफ२ दाबून. इम्पोर्ट करतानाच नावात वेळ घातली, तर चुकीची वेळ नावात पक्की बसते. नावात तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचा मूळ नंबर तिन्ही ठेवा. कॅमेरा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो, त्यामुळे नुसता नंबर पुढेमागे दुसऱ्या कामातल्या फोटोशी जुळणारच.

लाइटरूम बंद करताना तो बॅकअप विचारतो, तोही फक्त कॅटलॉगचा. मूळ रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेले प्रक्रिया न केलेले फोटो, त्यात येत नाहीत. त्या वेगळ्या ड्राइव्हवर तुम्हालाच कॉपी कराव्या लागतात, आणि ती कॉपी उघडून पाहीपर्यंत कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका.