तुम्ही विचारलंत म्हणून: की मॅचिंग सॉफ्टवेअरवर सोडायचं का?

मी लग्नांत डीजे वाजवतो. हळदीचा कार्यक्रम आटोपून वायरी गुंडाळत असलो की गावातला एखादा पोरगा, ज्यानं नुकताच लॅपटॉप आणि डीजेचा कंट्रोलर घेतलाय, हमखास जवळ येतो आणि विचारतो, "दादा, की मॅचिंग तुम्ही सॉफ्टवेअरनं करता का कानानं?" की म्हणजे गाण्याचं स्केल, आणि की मॅचिंग म्हणजे एकावर एक चढवायच्या दोन गाण्यांचे सूर जुळतात का ते बघणं. अमळनेरला विचारलं, शिरपूरला विचारलं, परवा शहाद्याच्या एकानं तर रात्री एकला मेसेज टाकला. अशा वेळी घाईत काहीतरी अर्धवट सांगितलं जातं आणि मग मलाच चुटपुट लागते, म्हणून आज नीट लिहितोय.

सॉफ्टवेअर वापरा, मी पण वापरतो. पण ते प्रत्येक गाण्याच्या स्केलला जो नंबर देतं तो नुसता बघून दोन गाणी एकावर एक चढवू नका, आधी हेडफोनमधे ऐका, आणि ऐकून कळत नसेल तर कान तयार करा, नंबर त्याची जागा घेत नाही.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पेटीवर एका सप्तकात 12 पट्ट्या, प्रत्येकीचं एक मेजर आणि एक मायनर (सात सुरांचे दोन पाश्चात्य साचे) धरलं तर 24 स्केल. मार्क डेव्हिस नावाच्या माणसानं ही स्केलं घड्याळासारखी गोल मांडली, 1 ते 12 आकडे, मायनरला ए आणि मेजरला बी, त्याला कॅमेलॉट व्हील म्हणतात. 8ए म्हणजे पांढरी सहाचा (सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा) मायनर, 8बी म्हणजे पांढरी एकचा मेजर. गाणं 8ए असेल तर त्याच्यावर 8ए, 7ए, 9ए नाहीतर 8बी आणायचं, कारण शेजारच्या आकड्यात सातपैकी सहा सूर तेच असतात आणि 8ए-8बी मधे तर सातही. 2006 मधे गाण्याची की ओळखणारं मिक्स्ड इन की हे सॉफ्टवेअर आलं, आता डीजेच्या रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर, व्हर्च्युअल डीजे सगळ्यांत हे आतच असतं, गाणं टाकलं की समोर नंबर तयार.

आता माझ्यासोबत झालेलं सांगतो. पारोळ्याकडच्या एका गावात हळद होती, हाऊस बीट मस्त चालला होता आणि त्यावर मला एक जुनं अहिराणी गाणं अलगद आणायचं होतं, दोघांसमोर 4ए लिहिलेलं, मी बिनधास्त फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर केला. लगेच काहीतरी खटकायला लागलं, बेस एकीकडे ओढतोय आणि बाईचा आवाज दुसरीकडे, नाचणाऱ्यांना नाव देता आलं नसतं पण पाय ढिले पडलेले दिसले. आमच्याच गल्लीतले भजनी मंडळाचे पेटीवाले बाबा त्या लग्नाला आलेले, ते मंडपातून उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, हाई बराबर नही शे, एक गानं पांढरी चारमा शे, दुसरं उतरेल शे." म्हणजे दुसरं गाणं त्या पट्टीपेक्षा उतरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या ओट्यावर पेटी काढून बसलो. बाबांचं शंभर टक्के बरोबर होतं, ते गाणं पांढरी चार आणि पांढरी तीन यांच्या मधेच कुठेतरी लटकत होतं. कारण नंतर लक्षात आलं. आपली कितीतरी जुनी अहिराणी गाणी कॅसेटवर होती, मग कोणीतरी टेपरेकॉर्डरवरून ती कॉम्प्युटरवर घेतली, आणि टेप दोन टक्के जरी हळू फिरला तरी सूर एका पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्यानं खाली येतो. सॉफ्टवेअरकडे खाने 24 च, मधला खाना नाही, त्यानं सगळ्यात जवळच्या खान्यात टाकून दिलं. इलाज साधा होता, मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण) बंद करून गाणं दोन टक्के जास्त वेगात घ्यायचं, सूर जागेवर येतो. पण हे नंबर सांगत नाही, बाबांनी सांगितलं.

सॉफ्टवेअर करतं काय, तर आवाजातल्या फ्रिक्वेन्सी सुट्या करतं, कुठलीही सप्तकं असोत त्यांना 12 सुरांत गोळा करतं, कुठला सूर किती वाजला ते मोजतं आणि मेजर-मायनरच्या 24 साच्यांपैकी कोणाशी जास्त जुळतंय ते बघतं. ज्या संगीतासाठी हे साचे बनले तिथं ते चांगलं चालतं. आपल्याकडे काय होतं ते भैरवीवर बघा, भजनाचा शेवट जिच्यात होतो ती. काळी एकचा सा धरून भैरवी गायली, रे ग ध नी कोमल, तर तेच सूर काळी तीनच्या मायनरचे पण असतात, मग सॉफ्टवेअर बहुतेक 11ए दाखवणार. मिक्ससाठी ते अगदीच वाया नाही कारण सूर तेच आहेत, पण सा चुकला, आणि तुम्ही काळी तीनवर ठाम बसलेला बेस त्याखाली घातला की भजनाचं घरच बदलतं, ऐकणाऱ्याला वाटतं गाणं संपतच नाहीये. आणि नुसत्या ढोल-हलगीच्या, संबळच्या तुकड्याला मेजर-मायनर कसलं, तरी तिथंही नंबर येतो! तो नंबर बघून चांगलं गाणं लावायचं टाळणारी पोरं मी पाहिलीत, मला फार वाईट वाटतं त्याचं.

वेगाचं पण ध्यानात ठेवा. मास्टर टेम्पो बंद असेल तर साधारण 6 टक्क्यांना एक पूर्ण पट्टी चढते, म्हणजे 100 बीपीएमचं (मिनिटाला 100 ठोक्यांचं) 8ए गाणं 106 वर नेलं की ते 3ए झालं. चालू ठेवलं तर स्केल टिकतं पण फार ताणलं की आवाज खरखरतो, अहिराणी गाणाऱ्या बायकांच्या गळ्याला तर हे लगेच दिसतं.

आणि सगळीकडे की लागते असं पण नाही. वरातीत आपण एका ठोक्यावर कापून दुसरं गाणं लावतो, तिथं ठेका आणि गाणं कुठलं हेच महत्त्वाचं. नवापूरकडे टिमली (रांगेत नाचायचा नाच) वाजवताना मात्र धून सलग चालते, रांगेतल्यांचे हात एकमेकांत असतात, तिथं सूर भांडला तर सगळ्या रांगेला जाणवतं, तिथं वेळ द्या.

कान कसा तयार करायचा हे पण विचारता. मोबाईलमधे पेटीचं किंवा कीबोर्डचं ॲप घ्या. नवीन गाणं आलं की सॉफ्टवेअर उघडायच्या आधी ते ऐकत सा शोधा, जिथं गाणं येऊन निवांत बसतं ती पट्टी, मग लिहा, मग नंबर बघा. जुळला तर छान, नाही जुळला तर दोन्ही पुन्हा वाजवा, खरं शिकणं इथंच होतं. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं लागतात एका गाण्याला, लागू द्या. गावात भजनी मंडळ असेल तर पेटीजवळ जाऊन बसा, कोणी हाकलत नाही.

कानबाई देवीच्या मिरवणुकीची गाणी माझ्याकडे वेगळ्या फोल्डरमधे आहेत. त्यांचे नंबर मी काढून टाकलेत, प्रत्येकासमोर बाबांसोबत बसून लिहिलेली पट्टी आहे, जसं की "काळी दोन, जरा उतरलेली".