जिन सावर: फेस कोण खात होतं ते सापडलं

सापडलं! जिन सावर या जिन, लिंबू आणि साखरेच्या कॉकटेलवरच्या ज्या अंड्याच्या फेसापायी दीड महिना खांदे दुखेपर्यंत शेकर हलवला, तो काल रात्री ग्लासात उभा राहिला आणि पाच मिनिटं झाली तरी बसला नाही. स्टीलची पट्टी ग्लासाला लावून मोजलं. ओतल्या ओतल्या १८ मिलिमीटर, पाच मिनिटांनी १५. मागच्या नोंदीतले आकडे ज्यांच्या लक्षात असतील त्यांना यातला आनंद कळेल. तेव्हा ६ होते आणि पाच मिनिटांनी जेमतेम ३, तेही साबणाच्या पाण्यासारखे मोठाले बुडबुडे.

प्रमाण तेच ठेवलंय: जिन ६० मिली, लिंबाचा रस २५, साखर-पाण्याचं एकास एक सिरप २०, अंड्याचं पांढरं २० ग्रॅम. जिनसुद्धा तीच, ग्रेटर दॅन. सावरला ज्युनिपर (जिनला तिचा खास वास देणारं फळ) समोर येणारी साधी लंडन ड्राय प्रकारची जिन हवी असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. हापुसा ही दुसरी जिन मला अतिशय आवडते, पण ती नुसत्या बर्फावर. लिंबू आणि साखर पडली की तिचा मातकट, जंगली गंध हरवतो आणि मग तेवढे पैसे कशासाठी मोजले असं होतं.

आता फेसाची कथा, कारण या दीड महिन्यात मी दुसरं काहीच केलेलं नाही.

पहिला संशय अर्थातच अंड्यावर होता. ताज्या अंड्याचं पांढरं घट्ट असतं, त्याचा फेस उशिरा येतो पण टिकतो. अंडं जुनं होत गेलं की पांढरं पातळ होतं, फेस पटकन येतो आणि लवकर बसतो. म्हणून दुकानदाराकडून त्याच दिवशी आलेली अंडी मागून घेतली, घरी पाण्यात सोडून पाहिली, आडवी तळाशी बसली ती वापरली. फरक शून्य. मग वाटलं बलक जात असेल. बलकातल्या स्निग्धाचा एक ठिपकासुद्धा फेसाला पुरतो, म्हणून प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायला लागले. पांढरं काट्याने हलकेच मोडून घ्यायचं आणि मग वजन करायचं, म्हणजे २० ग्रॅम नेमके ओतता येतात, नाहीतर सगळा गोळा एकदम शेकरमध्ये जातो. ही सवय चांगली लागली, पण फेस तिथेच.

तिसऱ्या आठवड्यात एक खरी चूक हाती लागली. मी आधी शेकरमध्ये जिन मोजायचे, त्यावर पांढरं घालायचे आणि मग निवांत लिंबं कापायला घ्यायचे. एकदा मध्येच फोन आला. परत येऊन पाहते तर शेकरच्या तळाशी पांढरे धागे, अंडं उकडताना तडकलं की पाण्यात तरंगतात तसे. जिनच्या ४२.८ टक्के अल्कोहोलमध्ये पांढरं तसंच पडून राहिलं तर ते गोठायला लागतं, आणि गोठलेल्या प्रथिनाचा फेस होत नाही. तेव्हापासून क्रम बदलला: आधी रस आणि सिरप, मग जिन, सगळ्यात शेवटी पांढरं, आणि ते पडलं की थांबायचं नाही, लगेच शेक. धागे गेले. फेस ६ चा ८ झाला. तेवढ्यावरसुद्धा मी त्या रात्री खूश होते.

पण ८ वरून पुढे हलेना. ड्राय शेक, म्हणजे बर्फाशिवाय हलवणं, १५ सेकंद, ३० सेकंद, पूर्ण मिनिटभर. हॉथॉर्नची, म्हणजे शेकरच्या तोंडावर बसणाऱ्या गाळणीची, स्प्रिंग काढून शेकरमध्ये टाकली. (माझ्या हॉथॉर्नची स्प्रिंग तशीही ढिली झाली आहे. ऑनलाइन सेटमध्ये येणाऱ्या गाळण्या आणि वरचा तांब्याचा मुलामा, दोन्ही सहा महिन्यांत जातात. सुटं, जाड, बिनमुलाम्याचं स्टील घ्या.) ड्राय शेक करताना शेकर दोन्ही हातांनी घट्ट धरा हेही इथे सांगते. बर्फ असला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि दोन्ही कप एकमेकांना चिकटून बसतात. ड्राय शेकला तो आधार नसतो. आमच्या मिक्सरमागच्या फरशांवर अजून त्याचा एक वाळलेला ओघळ आहे.

आणि मग परवाचा रविवार.

सासूबाई स्वयंपाकघरात बसून गवार मोडत होत्या. त्या अंडं खात नाहीत, म्हणून माझं सगळं सामान वेगळं आहे: वाटी वेगळी, काटा वेगळा, डबल स्ट्रेनसाठीचं, म्हणजे हॉथॉर्ननंतर पुन्हा बारीक जाळीतून गाळायचं, गाळणंही वेगळं. ते गाळणं म्हणजे घरातलं जुनं चहाचं गाळणं. नवीन आणल्यावर जुनं मी मागून घेतलं होतं, अंडं लागलेलं पुन्हा चहाला जायला नको म्हणून. मी ग्लासावर ते धरलं, शेकर ओतला, आणि नेहमीप्रमाणे गाळण्यात सगळं तुंबून राहिलं. मी चमच्याने ढोसत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते गाळणं मी उगाच नव्हतं बाजूला काढलं. चहासुद्धा तुंबायचा त्यात. साय बसलीये त्या जाळीत, घासून घासून निघाली नाही."

साय!

गाळणं धुतलं, पुसलं आणि खिडकीकडे धरलं. मधली भोकं मोकळी, पण कडेकडेने जाळी बुजलेली, आणि तिथे पिवळट, अर्धपारदर्शक थर. अंगठा फिरवला तर बुळबुळीत. बलकाच्या एका ठिपक्याची काळजी करणारी मी, दर वेळी तयार फेस कित्येक वर्षांच्या दुधाच्या सायीतून गाळत होते. अंड्यातली प्रथिनं उलगडून प्रत्येक बुडबुड्याभोवती भिंत धरतात. स्निग्ध पदार्थ आला की तो त्या भिंतीत शिरून प्रथिनांची जागा घेतो, आणि भिंत फुटते. शेकरमध्ये फेस चांगलाच होत असणार. तो मरत होता शेवटच्या चार इंचांत.

खात्री करायची म्हणून दुप्पट माप एकाच शेकरमध्ये केलं. अर्धं जुन्या गाळण्यातून, अर्धं फक्त हॉथॉर्नमधून. दोन कूप (उथळ, रुंद तोंडाचे) ग्लास शेजारी. डावीकडे ७ मिलिमीटर, उजवीकडे १६. तीच अंडी, तीच लिंबं, एकच शेक. मी सासूबाईंना हाक मारून दोन्ही ग्लास दाखवले. त्यांनी वाकून दोन्ही पाहिले आणि म्हणाल्या, "हा उजवीकडचा ताकासारखा दिसतोय, घुसळलेल्या." यापेक्षा नेमकं वर्णन मला जमणार नाही.

गाळण्याची सफाई पुढे बरोबर झाली. कडीसकट सबंध स्टीलचं असल्याने गॅसच्या ज्योतीवर जाळी लाल होईपर्यंत धरली, थर जळून काळी राख झाली, ती जुन्या टूथब्रशने झाडली आणि मग धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. कडी प्लास्टिकची असेल तर अर्थात ज्योत नको, फक्त सोडा. तरीही मी या कामासाठी नवीन गाळणं घेतलं, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या हॉटेलच्या भांड्यांच्या दुकानातून. तिथला माणूस जाळी बोटावर ताणून दाखवतो, हा अनुभव ऑनलाइन मिळत नाही. कूप ग्लासही तिथलेच आहेत आणि अजून एकही तडकलेला नाही.

नव्या गाळण्यातून आलेला फेस हॉथॉर्नच्या फेसापेक्षाही चांगला निघाला, कारण स्वच्छ बारीक जाळी मोठे बुडबुडे फोडते आणि बारीक तसेच जाऊ देते. म्हणजे डबल स्ट्रेन सोडून द्या असा सल्ला मी मागे दिला होता तो परत घेते.

वरचे १८ मिलिमीटर मात्र आणखी एका बदलाचे आहेत. काल प्रथमच रिव्हर्स ड्राय शेक केला: आधी बर्फासह १२ सेकंद, बर्फ गाळून काढला, मग बिनबर्फाचा जोरदार शेक. बर्फ नंतर आला की तो तयार फेसाला फोडतोही आणि पातळही करतो. उलट क्रमात ते टळतं. तोटा एकच, ड्रिंक थोडं कमी थंड लागतं. म्हणून कूप आधी फ्रीझरमध्ये ठेवायला विसरू नका, आणि बर्फ फ्रीझरमधून थेट शेकरमध्ये. ओट्यावर पाच मिनिटं ठेवलेला ओला बर्फ म्हणजे सरळ पाणी घालणं.

ज्यांना हा सगळा अंड्याचा व्याप नकोच आहे त्यांनी खुशाल सोडून द्यावा. १८६२ मध्ये जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरच्या पुस्तकात जो जिन सावर छापला गेला त्यात अंडं नाहीच. मला हवा तो फेसाच्या मऊपणासाठी. जिभेला आधी तो मऊपणा लागतो आणि मग आंबट, आणि ती पायरी मला फार आवडते. पांढऱ्याच्या वशट वासाची तक्रार दोघा-तिघांनी केली होती. तो वास फेसावर नाक गेलं की येतो, म्हणून उपायही फेसावरच हवा. अँगोस्टुरा बिटर्स या कडू, मसालेदार अर्काचे तीन थेंब, किंवा ते महाग वाटत असेल तर लिंबाच्या सालीचा तुकडा फेसावर धरून पिळायचा, म्हणजे सालीतलं तेल बारीक फवाऱ्यासारखं पसरतं. कागदी लिंबाची साल पातळ असते, सालकाढणीने पांढरा गर न येता काढावी लागते. एवढा तेलाचा फवारा फेसाला काही करत नाही, मी घड्याळ लावून पाहिलं.

लिंबांबद्दल थोडक्यात. पिवळ्या परदेशी लेमनचा नाद मी सोडला. कागदी लिंबाचा रस पिळल्यावर लगेच वापरला तर सावरला पुरेपूर आहे. ठेवला तर कडवट होत जातो, तेव्हा बाटलीत भरून ठेवू नका. मंडईत साई शरबती मिळाली तर सोडू नका, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ही जात पातळ सालीची आणि रसाळ असते. उन्हाळ्यात भाव चढतात कारण त्या वेळची फळं हस्त बहाराची (पावसाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची), आणि तो बहार झाडाला धरायला लावणं शेतकऱ्याला अवघड जातं. तेव्हा मार्चपूर्वी जेवढे प्रयोग उरकतील तेवढे उरकायचे.

पुढचा बेत दोनास एक सिरपचा आहे. सिरप दाट असलं की फेसाला अंग येतं. गोडी तीच राहायला २० मिलीऐवजी १४ मिली पुरे, दोन्हीत साखर साधारण १२ ग्रॅम पडते. एवढं दाट सिरप फ्रिजमध्ये ठेवलं तर तळाशी खडे धरतात, म्हणून थोडंच करणार.

खरं तर हे लिहिता लिहिता बेत बदलतोय. शनिवारी वरच्या मजल्यावरचे काका-काकू येणार आहेत. काकूंना जिन चालते, अंडं चालत नाही, आणि काका सत्तरीचे आहेत, त्यांना कच्चं अंडं मी तसंही देणार नाही. म्हणजे सिरप बाजूला, आधी ॲक्वाफाबा. छोले शिजवलेल्या पाण्याचा अंड्यासारखा फेस होतो हे २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने दाखवलं, आणि ॲक्वाफाबा हे नाव त्या पाण्याला पुढच्या वर्षी मिळालं. डब्यातल्या छोल्यांच्या पाण्यात मीठ असतं, ते मला नको. घरीच काबुली चणे बिनमिठाचे कुकरला लावायचे, पाणी गाळून मंद आचेवर पांढऱ्याइतकं दाट होईपर्यंत आटवायचं, पूर्ण गार करायचं आणि ३० मिली. नव्या गाळण्यातून, हे सांगायला नको.

आणि फेस जर बिनअंड्याचा पांढराशुभ्र आला, तर खाली लाल रंग का नको? फिलाडेल्फियाच्या क्लोव्हर क्लब या जिनच्या कॉकटेलमध्ये रास्पबेरी असते, माझ्याकडे कोकम आहे. आगळ नाही चालणार, त्यात मीठ. बाजारच्या अमृत कोकमात बहुधा जिरं. बिनमिठाची आमसुलं गरम सिरपमध्ये रात्रभर भिजवून गाळायची, आणि कोकम स्वतःच आंबट म्हणून लिंबू २५ वरून १५ वर आणायचं. आमसुलं आत्ताच काढून ठेवली.

काबुली चणे पाव किलो भिजत घातलेत. पाणी माझं, चणे सासूबाईंचे. उद्या उसळ आहे.