तीनला की सोळाला?

प्रदर्शन होऊन आठवडा उलटला, तरी हॉल-बुकिंगच्या त्या खिडकीवरचा राग काही उतरत नाही. ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला कुणाला कार्यक्रमासाठी हॉल घ्यायचा असेल तर निदान माझ्या खेपा कामी येवोत.

आमचं पाच-सहा रिकामटेकड्या निवृत्तांचं मंडळ. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. तीच तारीख धरून जगात इतर सालांत काय काय घडलं, त्याचे तक्ते लावायचे ठरलं. तक्ते दहा दिवसांत तयार. गाडीचे १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. चार्ली चॅप्लिनचा जन्म, १८८९. १९१२ला हॅरिएट क्विम्बी एकटी विमान चालवत इंग्लिश खाडी ओलांडून गेली, असं करणारी पहिली बाई. पण टायटॅनिक आदल्याच दिवशी बुडालेलं, तिच्याकडे लक्ष कोण देणार? आणि १९१७, लेनिन पेट्रोग्राडला परतला.

या लेनिननेच घात केला.

अर्जाला कार्यक्रमाची रूपरेषा जोडायची होती. मी शहाणपणा केला. रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, तिथल्या हिशेबाने तो ३ एप्रिलला उतरला, म्हणून कंसात '३ एप्रिल' लिहिलं. खिडकीतल्या मॅडमनी बोट नेमकं तिथेच ठेवलं.

"काका, कार्यक्रम तीनला की सोळाला?"

"सोळालाच. तीन ही तिकडची जुनी तारीख."

"मग तीनचं वेगळं बुकिंग आहे का?"

मी समजावायला गेलो. रशियाने १९१८ साली ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारी केली, मधले तेरा दिवस गेलेच. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आमचेही चाललेत." मॅडमनी अर्ज परत सरकवला. "दोन तारखा चालत नाहीत. साहेबांना विचारा."

साहेब साइटवर. दुसऱ्या दिवशी मीटिंगला. तिसऱ्या दिवशी भेटले, अर्ज न वाचता म्हणाले, "लेनिन म्हणजे राजकीय. पोलिसांचं ना-हरकत लागेल." चॅप्लिनला लागणार नाही, हे मी विचारून घेतलं. (पोचपावतीवर शिक्का पहिल्याच खेपेला मागून घ्या. मी घेतला नव्हता, म्हणून चौथ्या खेपेला माझा अर्ज 'आलेलाच नाही' असं ऐकावं लागलं.) मग १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी, आणि पंधराला सगळेच घाईत. मंडळातले एक जण म्हणाले, लेनिन काढून टाका. मी म्हटलं, हॉल गेला तरी चालेल, लेनिन राहणार. एरवी मला त्याचं काहीही पडलेलं नाही, पण त्या खिडकीपुढे हार मानवेना.

शेवटी पंधराला दुपारी रूपरेषा नव्याने लिहिली: 'ठाणे रेल्वेविषयी चित्रप्रदर्शन व इतर माहिती.' पाच मिनिटांत मंजूर. लेनिन 'इतर माहिती'त बसला, कंसासकट. तेव्हा अर्जात कमीत कमी लिहा. अनामतीचा डीडी वेगळा न्या, भाड्याचा वेगळा. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.

प्रदर्शनाला गर्दी बरी होती. इंजिनांच्या तक्त्यापाशी पोरं, चॅप्लिनपाशी आजोबा. एक निवृत्त शिक्षिका मात्र स्कॉटलंडच्या कलोडनच्या लढाईपाशी बराच वेळ थांबल्या. १६ एप्रिल १७४६.

"ही कुठल्या कॅलेंडरची?" त्यांनी विचारलं.

माझे कान गरम झाले. ब्रिटनने कॅलेंडर बदललं १७५२ साली, २ सप्टेंबरनंतर थेट १४. म्हणजे कलोडनची सोळा जुनी, नव्या हिशेबाने २७ एप्रिल. लेनिनला नवी तारीख आणि कलोडनला जुनी, असा दुटप्पी कारभार आम्हीच मांडून बसलो होतो. मी चिठ्ठीवर '२७' लिहून तक्त्याला टाचणीने लावली. मॅडम तिथे नव्हत्या हे बरं झालं.

अनामत अजून परत यायची आहे. सोमवारी जातोय.