डॉट रेज फाइलींचे आठ दिवस (माझा अनुभव)

आमची नाशिकच्या अंबडला छोटी कंपनी आहे, मशीनवर बसणारे टच पॅनल बनवतो, आत लिनक्स चालतं. बोर्डवाल्यांनी दिलेले पॅच, म्हणजे कोडमध्ये काय बदलायचं त्याच्या फाइली, होते कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१० चे आणि कस्टमरला पाहिजे ६.१. एकूण ३४ पॅच. सर म्हणाले दोन दिवसांचं काम आहे रे, मी पण मान डोलावली, आणि आठ दिवस गेले.

पहिल्याच फटक्यात ११ पॅच अडकले. पॅच लावताना आजूबाजूच्या ओळी जुळल्या नाहीत की तो तुकडा, म्हणजे हंक, तसाच बाजूला डॉट रेज, म्हणजे रिजेक्टच्या, फाइलीत टाकून पॅच नावाची कमांड मोकळी होते, पुढचं तुमचं तुम्ही बघा. ही कमांड लॅरी वॉलने १९८५ ला लिहिली, हो तोच पर्ल भाषावाला, आणि स्वभाव अजून तसाच.

जो तो सांगतो गिटचं (कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) थ्री-वे वापर, म्हणजे मूळ फाइल, पॅचची आणि आपली अशा तिन्ही ताडून बदल लावायचा. अर्धा दिवस त्यात घालवला. पण थ्री-वेला पॅच ज्या मूळ फाइलीवर बनला ती रेपोत, म्हणजे गिटच्या साठ्यात, सापडावी लागते, आणि तिचा हॅश (फाइलीची ओळख सांगणारा कोड) पॅचमधल्या इंडेक्सच्या ओळीत असतो. आमचे पॅच साध्या डिफने (दोन फाइलींतला फरक काढणारी कमांड) काढलेले, ती ओळच नाही, मग कशाचं थ्री-वे अन् काय.

४ पॅच तर कुणीतरी मेलमधून कॉपी-पेस्ट केलेले, टॅबचे स्पेस झालेले. कमांडला मायनस एल (स्पेस-टॅबचा फरक सोडून दे) देऊन लावले, गेले एका मिनिटात. दोन ठिकाणी कमांड विचारायला लागली की हा पॅच उलटा किंवा आधीच लागलेला दिसतोय, उलटा लावू का? मी घाईत वाय दाबला. तो फिक्स मेन कर्नलमध्ये आधीच आलेला होता आणि मी तो स्वतःच्या हाताने उपटून काढला!! गिट चेकआउटने परत आणला म्हणून वाचलो. तिथे उत्तर कायम एन.

राहिले ५, हे खरे. आमच्या टचच्या ड्रायव्हरचंच घ्या, आयटूसी (चिपा जोडायची वायर) ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन ५.१० मध्ये इंट, म्हणजे आकडा परत देणारं होतं, ६.१ मध्ये व्हॉइड, म्हणजे काहीच परत न देणारं झालं, शेवटचं रिटर्न झिरो गेलं, म्हणून हंक बसेना. हाताने करत बसलो होतो तर शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली, "अरे विगल टाक ना." नील ब्राउनचं टूल आहे, ॲपटने इन्स्टॉल होतं. पॅच कमांड अख्खी ओळ जुळवते, विगल शब्द-शब्द जुळवतं, त्यामुळे ओळीत एखादाच शब्द बदलला असेल तरी त्याला जागा सापडते. विगल, रिप्लेस, मूळ फाइल, रेज फाइल, एवढीच कमांड, आधीची फाइल डॉट पीओरिग नावाने ठेवतं. नाहीच जमलं तर नेहमीच्या कॉन्फ्लिक्टच्या खुणा टाकतं, त्या मी मेल्डमध्ये (फाइली शेजारी-शेजारी दाखवणारं टूल) उघडून निस्तरल्या. ५ पैकी ३ विगलने एकट्याने लावले. एकात मात्र पॅचमधलं रिटर्न झिरो इमानदारीने त्या व्हॉइड फंक्शनमध्ये नेऊन ठेवलं, कंपायलर ओरडला तेव्हा कळलं. त्याला शब्द कळतात, सी थोडीच कळतं.

बिल्ड झाला, पॅनल चालू, आम्ही पाथर्डी फाट्याला मिसळ खाऊन आलो आणि बघतो तर स्क्रीन झोपून उठल्यावर टच मेलेला.

दोन दिवस शोधलं. रिजेक्ट झालेल्या पॅचमध्ये काहीच नव्हतं. घोळ होता "सक्सीडेड विथ फझ २" असं म्हणत गपचूप लागलेल्या एका पॅचमध्ये. फझ म्हणजे जुळत नसतील तर कडेच्या ओळी सोडून द्यायच्या, डिफॉल्टच २ आहे, म्हणजे तीन ओळींच्या कॉन्टेक्स्टमधली एकच राहते. सस्पेंड (झोपताना चालणारं) आणि रिझ्यूम (उठताना चालणारं) दोन्ही फंक्शन दिसायला जुळे भाऊ, दोन्हीच्या शेवटी म्युटेक्स अनलॉक, म्हणजे कुलूप उघडायची ओळ. रिझ्यूममधली रिसेटची ओळ सस्पेंडमध्ये जाऊन बसलेली, आणि मी तो मेसेज स्क्रीनवर सरकताना बघून पुढे गेलो होतो.

मग सगळे ३४ परत पहिल्यापासून, आधी ड्राय-रन (फाइल न बदलता नुसतं लावून बघणं), फझ शून्य. आता आणखी ६ अडकले. संध्याकाळी सरांनी विचारलं, "काल ११ होते ना रे, आज १७ कसे?"