वाईला गारगोटी, कोल्लूरला हिरा

सांगलीत आयर्विन पुलाखालचं पाणी ओसरलं की काठावर काळ्या दगडाचे गोटे मिळतात, गारगोट्या मिळतात, क्वचित अकीकही. वाईच्या घाटावर तेच. हिरा मात्र नाही. आणि याच कृष्णेच्या काठी, खाली आंध्रात कोल्लूरला, गोवळकोंड्याच्या नावाने गाजलेले हिरे निघाले. नदी एकच, मग असं का? ते पाहायला मिरजेहून हुबळी, बळ्ळारी करत गुंटकल गाठलं.

निम्मं उत्तर साताऱ्यातच आहे. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठण्याला ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं. पहिले १,२४७ मीटर नुसता काळा पत्थर, म्हणजे बेसॉल्ट, त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस हा जुना खडक. हिरा घडतो साधारण १५० किलोमीटरच्याही खाली. आपल्या पत्थराचा लाव्हा वितळला त्याहून बराच वर. शिवाय हा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा, तर हिरे वर आणणाऱ्या, आंध्रातल्या वज्रकरूरच्या किंबरलाइट नळ्या (खोलातून वर आलेल्या किंबरलाइट दगडाने भरलेल्या उभ्या वाटा) सुमारे ११० कोटी वर्षांच्या. आपल्याकडे तशी एखादी नळी असलीच तर ती या किलोमीटरभर दगडाखाली गाडलेली.

गुंटकलजवळच्या वज्रकरूरला पहिल्यांदा जाणारा फसतो. नळी म्हणजे टेकाड असेल असं वाटतं, पण किंबरलाइट मऊ. झिजून सपाट होतो आणि वर चुनखडीचा थर धरतो. वरचा भाग पिवळसर माती, खाली निळसर-हिरवा दगड. मातीत जांभळट लाल गार्नेट आणि गर्द हिरवा क्रोम डायोप्साइड ही खनिजं दिसली की नळी जवळ आहे असं समजावं. त्यात हिरा असेलच असं नाही.

पहिल्या पावसानंतर लोक शेतांतून खाली मान घालून फिरतात, कारण माती धुऊन खडे उघडे पडतात. घोटाळा होतो तो स्फटिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा. स्फटिक सहाकोनी कांडीसारखा, घनता २.६५, हिरा बहुधा अष्टफलक, म्हणजे आठ बाजूंचा, घनता ३.५२, पाण्याने भिजत नाही, ग्रीसला मात्र चिकटतो. घणाने ‘परीक्षा’ करू नये. कठीण असला तरी तो चार दिशांनी सहज चिरतो, आणि खरा हिरा फुटत नाही या समजुतीपायी मग चांगल्या दगडाचा चुरा होतो.

पुढे कर्नूलकडे बनगानपल्ले, आंब्यामुळे आपल्याला ठाऊक असलेलं. तिथल्या प्राचीन गोटेमिश्रित खडकातही हिरे आहेत. काळा पत्थर मागे टाकल्यावर कृष्णेला असा मुलूख लागतो. नदी जे कापते तेच वाहून नेते.

कोल्लूरचं काम १७व्या शतकात टॅव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने पाहिलं. त्याच्या अंदाजाने तिथे ६०,००० माणसं राबत होती. १० ते १४ फूट खणायचं, बायका-मुलांनी माती वाहून बुटक्या भिंतींच्या आवारात टाकायची, पाणी सोडून गाळ काढायचा, वाळवायचं, पाखडायचं, ढेकळं कुटून पुन्हा पाखडायचं, मग हाताने निवडायचं. खड्ड्याला पाणी लागलं की खणणं बंद. ते जुने खड्डे आता पुलिचिंतला धरणाच्या पाण्यात आहेत.