आणखी पन्नास फूट

रविवार, रात्री ११

परवा रात्री शेतात बोअरची गाडी आली. ३०० फुटांवरही नुसता फुफाटा उडत होता. "आणखी पन्नास फूट बघू, एवढा खर्च झालाच आहे," अण्णा म्हणाले. मी मान हलवली. मग ३५०, मग ४००. खाली जाल तसा फुटाचा भाव चढतो, तरी दर टप्प्याला तेच वाक्य. पहाटे ४५० ला थांबलो, तेही जवळचे पैसे संपले म्हणून. ओलसुद्धा लागली नाही.

ते वाक्य डोक्यातून जात नाही. झालेला खर्च थांबलो असतो तरी गेलेलाच होता. हिशेब करायचा होता तो फक्त पुढच्या पन्नास फुटांचा. आपला काळा पाषाण पाणी धरतो तो वरच्या मुरमात आणि भेगांत. खोल जावं तशा भेगा कमी होतात. म्हणजे आशा कमी व्हायला हवी होती. आमची वाढत गेली.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालीच मांडलं होतं: कमाईच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख मोठं असतं, आणि तोटा भरून काढायला माणूस एरवी घेणार नाही तो धोका पत्करतो. हे मला ठाऊक होतं. पण थांबायचं म्हणजे पैसे बुडाले असं अण्णांसमोर म्हणायचं, आणि ते मला बोलवेना.

जागा पाणाड्यानं नारळ धरून दाखवली होती. त्यानं दाखवलं की पाणी लागतंच, असं गावात सगळेच म्हणतात. आज संध्याकाळी ओसरीवर वही घेऊन बसलो. त्यानं दाखवलेल्या बोअरपैकी पाणी लागलेले चार अण्णांनी एका दमात सांगितले. कोरडे आठवायला मात्र मनानं बांधाबांधानं फिरावं लागलं. चालती मोटार रोज दिसते, कानावर पडते. कोरड्या बोअरच्या तोंडावर दगड ठेवला की त्याचं नाव कोणी काढत नाही. तासाभरात अकरा निघाले. पाणाड्याला मी बोल लावणार नाही. आम्हीच कधी मोजलं नव्हतं.

अण्णा बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग पेन घेऊन त्यांनी स्वतःच आणखी एक रकाना आखला, 'किती फुटांवर थांबले', आणि सगळ्यात आधी आपल्या ओळीत ४५० लिहिलं.