बिडाच्या गावात ॲल्युमिनियम : आमची वाटचाल

कोल्हापुरात फौंड्री म्हटलं की बीड, म्हणजे ओतीव लोखंड. शिरोली घ्या, गोकुळ शिरगाव घ्या, कागल घ्या, जो तो बिडाच्या टनांत बोलतो. अशा गावात आम्ही ॲल्युमिनियमची ग्रॅव्हिटी डायकास्टिंग (धातूच्या कायम साच्यात, म्हणजे डायमध्ये, रस ओतायचा धंदा) टाकली तेव्हा भावकीतलेच म्हणाले, "भांड्याकुंड्यांचा धंदा काढला काय रे?" ते बोलणं मी विसरलेलो नाही. आज त्याच मंडळींची पोरं आमच्याकडे इंटर्नशिपला चिठ्ठ्या पाठवतात.

भागीदार होते माझे सख्खे मामा. भांडवलात त्यांचा वाटा लहान होता, पण भट्टीपुढे सगळा कारभार त्यांचाच. उभी हयात बिडात गेलेली. बिडाचा रस 1400 अंशांच्या आसपास पिवळाधमक होतो आणि मुरलेला मेल्टर नुसत्या नजरेनं सांगतो, ओता की थांबा. ॲल्युमिनियम मात्र 720 ला असो की 800 ला, वरून आपला चांदीसारखा चकचकीत. मामांच्या नजरेला इथं काही मोल उरलं नाही, त्याचा त्यांना फार राग. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलला ते "ही काडी" म्हणायचे. पण एकदा पटल्यावर ती काडी त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

धातू तापवण्यावर एवढी तकतक का, ते धंद्यातल्याला सांगायला नको. तरी नवीन पोरांसाठी लिहितो. हवेतल्या वाफेतून हायड्रोजन रसात शिरतो. वितळलेल्या 100 ग्रॅम ॲल्युमिनियममध्ये तो 0.7 घनसेंटिमीटरच्या आसपास मावतो, धातू गोठला की जेमतेम 0.04. उरलेला जाणार कुठं? आतच बुडबुडे होऊन बसतो. जितकं जास्त तापवाल तितका जास्त शिरतो. त्यात आमच्याकडचा जुलै! इंगॉट (धातूच्या विटा) ओले, हत्यारं ओली, रस साफ करायच्या फ्लक्सची पिशवी ओली. पावसाळ्यात आम्ही इंगॉट भट्टीच्या कडेला शेकल्याशिवाय मुशीत टाकत नाही. गोळ्या टाकून गॅस काढायचं आम्ही केव्हाच बंद केलं. त्या क्लोरीनच्या धुरानं माणसं खोकून बेजार व्हायची. आता ग्रॅफाइटचा रोटर फिरवतो आणि त्यातून नायट्रोजन सोडतो. रोटर झिजला की बुडबुडे मोठे होतात आणि गॅस नीट निघत नाही. तो वेळेवर बदला, त्यात पैसे वाचवू नका.

पहिलं पक्कं गिऱ्हाईक इचलकरंजीचे एक पंपवाले. आम्ही त्यांना काका म्हणतो. माल नेताना ते कव्हरला आतून रॉकेल लावायचे, बाहेरून खडू फासायचे आणि चहा होईस्तोवर बसून राहायचे. खडूवर डाग उमटला की नग परत. रिजेक्शनचा कागद नाही, मेल नाही. "हा तुझा" एवढंच. पुढं बरीच वर्षं बरी गेली. गाळा वाढला, हीट ट्रीटमेंटची भट्टी घेतली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते ब्रॅकेटचं प्रकरण.

पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीचं सस्पेन्शनचं ब्रॅकेट आम्ही करत होतो. मिश्रधातू ए356, हीट ट्रीटमेंट टी6 (तापवायचं, झटकन गार करायचं, मग मंद शेकून कडक करायचं). इंगॉट त्यांचा फ्री इश्यू, म्हणजे त्यांनीच पुरवलेला, आम्हाला किलोमागे मजुरी. त्यांचा ट्रक यायचा, सोबत टेस्ट सर्टिफिकेट, आम्ही वजन करून सही करायची. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका पावसाळ्यात बोल्टच्या बॉसजवळ, म्हणजे बोल्ट बसतो त्या जाड भागाजवळ, ब्रॅकेटं तडकायला लागली. आमच्या तपासणीत कडकपणा पास, त्यांच्या इनवर्डलाही पास. ब्रिनेल, म्हणजे कडकपणाचा आकडा, 90 च्या वर. मशिनवर खेचून पाहिलं तर इलाँगेशन (तुटण्याआधीचं लांबणं) 2 टक्क्यांच्या आत, आणि ड्रॉइंगवर मागितलेलं 5.

कंपनीनं अख्खा लॉट परत पाठवला. मागोमाग डेबिट नोट आली : इंगॉटची किंमत, मशिनिंगची किंमत, त्यांची लाइन थांबली त्याची किंमत. बँकेची सीसी, म्हणजे उचलीची मर्यादा, आधीच काठोकाठ. त्यांच्या क्वालिटीवाल्या साहेबांनी निकालही देऊन टाकला : "तुमच्या लोखंडी पळ्यांतून रसात लोखंड उतरलंय." बोलणं अगदीच वेडं नव्हतं. ॲल्युमिनियमचा रस लोखंड खातोच. म्हणून तर मूस ग्रॅफाइटची असते आणि पळीला, स्किमरला रोज सकाळी कोट मारून सुकवावा लागतो. पण मामांच्या पळ्यांवर बोट ठेवायचं म्हणजे अतीच झालं. तो माणूस जेवायच्या आधी हात धुवायचा नाही, पण पळीला कोट मारल्याशिवाय भट्टीजवळ जायचा नाही.

आमच्याच गल्लीतल्या एका फौंड्रीवाल्याला तेवढ्यात वास लागला. पुण्याला जाऊन तो परचेसवाल्यांना सांगून आला, "ती मुळात बिडाची माणसं, त्यांना ॲल्युमिनियम काय झेपणार?" वर किलोमागे दर कमी. डाय कंपनीच्या मालकीच्या. एक दिवस टेम्पो आला आणि आमच्या हातांनी घासून, कोट मारून, व्हेंट काढून बसवलेल्या डाय गल्लीतल्या गल्लीत दोनशे पावलांवर निघून गेल्या. चहाच्या टपरीवर तो मला नमस्कार घालायचा. मीही घालायचो.

त्या महिन्यांत काकांनी मागितल्याशिवाय ॲडव्हान्स दिला. पावतीही नको म्हणाले. मी बळंच दिली.

आता मामांच्या डब्यांविषयी. बिडात दर हीटला, म्हणजे रसाच्या दर घाण्याला, पाचरीच्या आकाराचा वेजचा तुकडा ओततात, फोडतात आणि कडेची पांढरी चिल (झटकन गार झालेला कडक थर) बघतात. ॲल्युमिनियममध्ये चिल बघायची नसते, पण मामांची सवय गेली नाही. प्रत्येक मेल्टची बोटाएवढी कांडी ओतायची, गार झाली की हातोड्यानं फोडायची, अर्धी परत मुशीत, अर्ध्यावर हीट नंबरचा पंच मारून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. असे डबे मांडणीवर रांगेनं. ह्याच कंपनीचे ऑडिटवाले एकदा येऊन "अनावश्यक साठा" म्हणून त्यावर शेरा मारून गेले होते.

ते डबे आणि फ्री इश्यूच्या न फोडलेल्या बंडलातला एक इंगॉट घेऊन मी पुण्याला एका मेटलर्जी विभागात गेलो. तिथल्या सरांनी कांड्या क्रमानं स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, लावल्या. एका हीटपर्यंत लोखंड 0.13, 0.15 टक्के, असंच चाललेलं. पुढच्या हीटपासून एकदम 0.4 च्या वर आणि मग खाली येईना. बंडलातल्या इंगॉटलाही तेवढंच, आणि त्या इंगॉटनं आमची पळी पाहिलीही नव्हती.

मेख अशी की ए356 आणि एलएम25 नावाचा दुसरा मिश्रधातू ह्यांत सिलिकॉन सारखंच, 6.5 ते 7.5 टक्के. मॅग्नेशियमही जवळपास तेवढंच. एलएम25 मध्ये लोखंड 0.5 पर्यंत चालतं, ए356 च्या कास्टिंगमध्ये 0.20 च्या वर नाही. कंपनीच्या परचेसनं इंगॉटवाला बदलला होता. नव्यानं स्वस्त माल दिला आणि महाग मालाचं सर्टिफिकेट जोडलं.

सरांनी तुकडा पॉलिश केला, हायड्रोफ्लोरिक ॲसिडच्या पातळ द्रावणानं एच केला (वरचा पृष्ठभाग किंचित खाऊ दिला) आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. आत सुया पसरलेल्या. रसात लोखंड विरघळतं, पण गोठलेल्या ॲल्युमिनियमला ते जवळजवळ झेपत नाही. मग ते सिलिकॉनला धरून सुयांच्या रूपानं बाहेर पडतं आणि तडा त्या सुयांच्या वाटेनं पळतो. टी6 ला 540 अंशांवर कितीही तास ठेवा, सुया विरघळत नाहीत. कडकपणा येतो तो मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कणांमुळं. ते एजिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या मंद शेकण्यात, तयार होतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसतही नाहीत. 1906 साली जर्मनीत आल्फ्रेड विल्मला तांबं-मॅग्नेशियम घातलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू क्वेंचनंतर (झटकन गार केल्यावर) नुसता पडून राहून कडक झालेला आढळला, तीच ही विद्या. ती सगळी आमच्या मालात झालेली होती, म्हणून ब्रिनेल पास. ठिसूळपणा सुयांचा होता आणि ब्रिनेलला त्याचा पत्ताच लागत नाही. तेव्हा बाबांनो, फक्त कडकपणा बघून सेफ्टी पार्ट सोडू नका. महिन्याला एक तरी बार खेचून बघा.

इकडं गल्लीतल्या शेजाऱ्याचीही ब्रॅकेटं तडकायला लागली होती. इंगॉट तोच ना! त्यानं ते कुणाला कळू दिलं नाही. आपल्या पैशानं चांगला इंगॉट आणून मिसळला, कारण लोखंड रसातून काढता येत नाही, पातळच करावं लागतं. डाय त्याच्याकडंच राहिल्या. पुढं त्याच कंपनीच्या व्हेंडर मेळाव्यात त्याला ढाल मिळाली.

आणि आमचे फोटो? मी पाठवलेले सुयांचे फोटो आणि हीटवार लोखंडाचा तक्ता त्या क्वालिटीवाल्या साहेबांनी एका सेमिनारमध्ये स्वतःचा अभ्यास म्हणून मांडला. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. आलेखावर आमचेच हीट नंबर होते, तेवढे बदलायलाही विसरले.

त्यानंतर आम्ही आधी जुना मेटलर्जिकल सूक्ष्मदर्शक घेतला, मग वापरलेला स्पेक्ट्रो. आता इंगॉट कुणाचाही असो, गेटवर तुकडा तपासल्याशिवाय सही नाही. फ्री इश्यूला तर मुळीच नाही. ज्यांना स्पेक्ट्रो परवडत नाही त्यांनी निदान विचारायला तरी जावं. नागपूरला वाडीत ॲल्युमिनियमचं राष्ट्रीय संशोधन केंद्र 1989 पासून आहे, पण आपल्या लोकांना बेळगाव जवळ आणि नागपूर परदेश. ओतण्याविषयीही सांगतो. बर्मिंगहॅमच्या प्राध्यापक जॉन कॅम्पबेल यांनी दाखवलंय की रस सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा जोरात पळाला की वरची ऑक्साइडची साय दुमडून आत जाते. हिशेब मांडला तर 13 मिलिमीटरवरून पडला तरी तो वेग येतो! म्हणजे वरून धबाधबा ओतणाऱ्यांनी विचार करावा. आम्ही डाय हळूहळू कलवून रस भरणारं टिल्ट मशीन केलं, घरीच, जुन्या गिअरबॉक्सवर.

मामा आता भट्टीवर येत नाहीत, पण कांड्या फोडणं चालू आहे. ते काम त्यांची नात बघते. ती मेटलर्जीच करते आहे.

डेबिट नोटचे निम्मे पैसे कंपनीनं परत केले. उरलेल्यांना "कमर्शियल सेटलमेंट" असं नाव दिलं. आमच्या वहीत ते अजून येणे म्हणून उभे आहेत. सीए दर मार्चला म्हणतात, बुडीत खाती टाका. मी त्यांना सांगतो, चहा घ्या आणि पुढचं पान बघा.